मेल सर्व्हर चुकून ब्लॉकलिस्टमध्ये अडकला तर: बाउन्स वाचण्यापासून नाव निघेपर्यंत

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात वाशी मार्केटमधल्या एका आंबा निर्यातदाराचा सकाळी सात वाजता फोन आला. “सर, लंडनच्या पार्टीला पाठवलेला मेल परत आलाय. पॅकिंग लिस्ट, फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, सगळं त्यातच होतं. आमचं नाव कुठल्या तरी यादीत आहे म्हणे. आम्ही आयुष्यात कुणाला जाहिरातीचा मेल पाठवला नाही हो!” पेट्या विमानतळावर पोचल्या होत्या आणि कागद वाटेत अडकले होते. त्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवून वेळ निभावली. सर्व्हर मोकळा व्हायला मात्र तीन दिवस लागले, कारण मला बोलावण्याआधी ऑफिसातल्या मुलाने दोन दिवस दिसेल त्या यादीचा ‘नाव काढा’ फॉर्म भरण्यात घालवले होते. बाउन्स मेल, म्हणजे का अडवलं हे सांगणारा परत आलेला निरोप, शेवटपर्यंत कुणी वाचलाच नव्हता.

वागळे इस्टेट, रबाळे, महापे, तुर्भे या पट्ट्यात स्वतःचा मेल सर्व्हर चालवणारी बरीच छोटी ऑफिसं आहेत. कुणाचा सर्व्हर ऑफिसातच लीज लाइनवर असतो, कुणी डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतलेला असतो. हा लेख तो सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसासाठी आहे. ब्लॉकलिस्टमध्ये, म्हणजे स्पॅम (नकोसे मेल) पाठवणाऱ्यांच्या यादीत, आपण ‘चुकून’ गेलो असं वाटतं, तेव्हा ती चूक तीनपैकी एका ठिकाणी असते: आपल्याच ऑफिसात आपल्या नकळत, शेजारच्या आयपीवर (इंटरनेटवरच्या पत्त्यावर), किंवा समोरच्याच्या सर्व्हरमध्ये. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. नेमकी कुठली चूक आहे हे ठरवल्याशिवाय एकही फॉर्म भरू नका.

यादी कशी चालते

१९९७ साली पॉल विक्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पॅम पाठवणाऱ्या आयपींची पहिली यादी सुरू केली. पुढे अशा याद्या डीएनएसमधून, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या इंटरनेटच्या व्यवस्थेतून, विचारण्याची पद्धत रूढ झाली आणि ती आजही तशीच आहे. समजा तुमचा आयपी २०३.०.११३.२५ आहे. समोरचा सर्व्हर तो उलटा करतो, २५.११३.०.२०३, त्याच्यापुढे यादीचं नाव जोडतो आणि डीएनएसला विचारतो. उत्तरात १२७.०.० ने सुरू होणारा पत्ता आला तर तुम्ही यादीत आहात. असं नावच नाही असं उत्तर आलं, तर नाही.

यात दोन गोष्टी नीट समजून घ्यायला हव्यात. यादीला तुमची कंपनी माहीत नसते, फक्त आयपी माहीत असतो. काही याद्यांना डोमेन माहीत असतं, एवढंच. आणि मेल अडवते ती यादी नव्हे. ती फक्त विचारल्यावर उत्तर देते, अडवायचं की नाही हे मेल घेणारा सर्व्हर ठरवतो. म्हणूनच कधी यादीवाल्याकडे जावं लागतं, तर कधी थेट मेल घेणाऱ्याकडे.

बाउन्स पूर्ण वाचा

ग्राहक मोबाइलवरून स्क्रीनशॉट पाठवतात तो बहुतेक अर्धवट असतो. संपूर्ण बाउन्स मागवा, नाहीतर सरळ सर्व्हरच्या लॉगमधली ओळ काढा. त्या निर्यातदाराच्या लॉगमध्ये असं होतं: ‘५५४ ५.७.१ सर्व्हिस अनअव्हेलेबल, क्लायंट होस्ट ब्लॉक्ड यूझिंग झेन डॉट स्पॅमहाउस डॉट ऑर्ग’. लॉगमधल्या अशा एका पूर्ण ओळीत कोणी अडवलं, कुठल्या आयपीला आणि कुठल्या यादीमुळे, हे तिन्ही कळतं.

पहिला आकडा बघा. ४ ने सुरू होणारा कोड म्हणजे ‘आत्ता नाही, नंतर या’. तुमचा सर्व्हर आपणहून पुन्हा प्रयत्न करेल. पोस्टफिक्स हे मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर मूळ सेटिंगवर पाच दिवसांपर्यंत करत राहतं. ५ ने सुरू होणारा कोड म्हणजे कायमचा नकार.

५५० सारखा प्रत्येक नकार म्हणजे ब्लॉकलिस्ट नव्हे. जीमेलकडून ५.७.२६ आला तर अडचण तुमच्या एसपीएफची (तुमच्या डोमेनचा मेल कुठून येऊ शकतो त्याची नोंद) किंवा डीकिमची (मेलवरची डिजिटल सही) आहे. कुठल्याही यादीतून नाव काढून ती सुटणार नाही. मायक्रोसॉफ्ट ३६५ वर चालणाऱ्या कंपन्यांकडून ५.७.६०६ ते ५.७.६४९ यांपैकी कोड आला, तर ती मायक्रोसॉफ्टची स्वतःची बंदी असते आणि तिच्यासाठी त्यांचं वेगळं डिलिस्ट पोर्टल आहे. साध्या आउटलुक किंवा हॉटमेलच्या पत्त्यांवरून एस३१४० किंवा एस३१५० असा खुणेचा शब्द येतो. तिथला फॉर्म पुन्हा वेगळा. हे तिन्ही एकत्र करून लोक भलत्याच ठिकाणी दाद मागत बसतात.

मग स्वतः तपासा

आधी आपला बाहेर जाणारा आयपी कोणता ते नक्की करा. सर्व्हरला दोन लाइन असतील तर मेल कुठल्या लाइनने जातो हे लॉगवरूनच कळतं, अंदाजाने नाही. मग बाउन्समध्ये नाव असलेल्या यादीच्याच साइटवर तो आयपी टाका. एमएक्सटूलबॉक्ससारख्या साइट एका वेळी कितीतरी याद्या तपासून लाल-हिरवे चौकोन दाखवतात. त्यातला एखादा लाल चौकोन बघून घाबरू नका. तुमचा मेल ज्या यादीमुळे खरंच अडतोय तेवढीच आज महत्त्वाची.

स्पॅमहाउस ही अशा याद्या चालवणारी संस्था. तिच्या झेनमध्ये अनेक याद्या एकत्र आहेत आणि उत्तराच्या शेवटच्या आकड्यावरून कुठली ते कळतं. २ म्हणजे एसबीएल. ती माणसं तपासून भरतात आणि तिच्यातून नाव काढायची विनंती नेटवर्कच्या मालकाकडून, म्हणजे तुमच्या आयएसपी किंवा होस्टिंगवाल्याकडून जावी लागते. ३ म्हणजे सीएसएस. पाठवण्याची पद्धत संशयास्पद दिसली की तिथे नोंद होते. ४ ते ७ म्हणजे एक्सबीएल, अर्थात त्या आयपीमागे व्हायरस लागलेलं किंवा कुणी ताब्यात घेतलेलं मशीन आहे. १० आणि ११ म्हणजे पीबीएल, आणि पीबीएलमध्ये असणं हा आरोप नाहीच. ‘या आयपीवरून थेट मेल येणं अपेक्षित नाही’ एवढंच ती सांगते. घरगुती ब्रॉडबँडचे आयपी तिथे मुद्दामच ठेवलेले असतात.

हाताने तपासायचं तर विंडोजवर एनएसलुकअप, लिनक्सवर डिग ही कमांड वापरा. एक खबरदारी घ्या. गूगलचा ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ हा सार्वजनिक रिझॉल्व्हर (डीएनएसचं उत्तर आणून देणारा सर्व्हर) वापरून स्पॅमहाउसला विचारलंत, तर १२७.२५५.२५५.२५४ असं उत्तर येऊ शकतं. त्याचा अर्थ ‘सार्वजनिक रिझॉल्व्हरवरून आम्ही उत्तर देत नाही’ असा आहे. आयपी यादीत आहे असा मुळीच नाही. या एका आकड्याने किती निरपराध सर्व्हर अडवले जातात, ते पुढे सांगतो.

आपल्याच ऑफिसात शोध घ्या

‘आमची काहीच चूक नाही’ असं प्रत्येक ग्राहक मनापासून सांगतो आणि त्याच्यापुरतं ते खरंही असतं. त्याने काही केलेलं नसतं, त्याच्या ऑफिसातल्या एखाद्या मशीनने केलेलं असतं.

आंबेवाल्यांच्या बाबतीत यादी एक्सबीएल होती. स्पॅमहाउसच्या पानावर शेवटच्या नोंदीची वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) २१:१२ दिसत होती. साडेपाच तास मिळवले की आपल्याकडचे रात्रीचे २ वाजून ४२ मिनिटं. त्या वेळी ऑफिसला कुलूप होतं. मेल सर्व्हरच्या लॉगमध्ये त्या सुमारास एकही मेल गेलेला नव्हता. म्हणजे सर्व्हर निर्दोष होता, पण त्याचा बाहेरचा आयपी अख्ख्या ऑफिसने वाटून घेतला होता. फायरवॉलमध्ये बाहेर जाणाऱ्या पोर्ट २५ वर (सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते दार) लॉग लावला आणि पाच मिनिटांत ओळी धडाधड खाली सरकू लागल्या. १९२.१६८.१.३७ वरून दर सेकंदाला वेगवेगळ्या देशांतल्या पत्त्यांकडे. हे ३७ नंबरचं मशीन मागच्या गोदामात होतं, पेट्यांवरची लेबलं छापणारा जुना विंडोज ७ चा संगणक. मॉनिटरला वायफायच्या पासवर्डची पिवळी चिठ्ठी चिकटवलेली, कीबोर्डवर आंब्याच्या गवताची कुसळं. रात्री पेट्या भरताना लेबलं लागतात म्हणून तो कधीच बंद होत नसे.

तेव्हा पहिलं काम हे: फायरवॉलवर फक्त मेल सर्व्हरच्या आतल्या आयपीला पोर्ट २५ वरून बाहेर जाऊ द्या, बाकी सगळ्यांना बंद करा, आणि बंद केलेल्याचा लॉग ठेवा. लोकांच्या आउटलुकला आणि मोबाइलला पोर्ट २५ लागतच नाही. त्यांच्यासाठी ५८७ किंवा ४६५ आहे. या एका नियमाने स्पॅम बाहेर जाणं थांबतं आणि दोषी मशीन लॉगमध्ये आपणहून सापडतं. पण मशीन स्वच्छ करायचं राहू देऊ नका. व्हायरस ज्या नियंत्रण सर्व्हरशी बोलतो, त्याच्याकडे गेलेल्या कनेक्शनवरूनही एक्सबीएलमध्ये नोंद होते. त्यासाठी मेल जावा लागत नाही. आलेल्या पाहुण्यांच्या वायफायलाही शक्य असेल तर वेगळा बाहेरचा आयपी द्या.

दुसरं नेहमीचं कारण म्हणजे फुटलेला पासवर्ड. अकाउंट्सच्या मेलबॉक्सला कंपनीचं नाव आणि पुढे १२३ एवढाच पासवर्ड असतो, कुणीतरी तो ओळखतो, आणि मग तुमच्याच सर्व्हरवरून, तुमच्याच डीकिम सहीने स्पॅम जातो. लॉगमध्ये लॉगिन झालेल्या नावांप्रमाणे मेल मोजा. एखादं नाव बाकीच्यांच्या कितीतरी पट वर दिसलं की तो मेलबॉक्स बंद करा, पासवर्ड बदला, चालू असलेली सत्रं तोडा आणि रांगेत पडलेले मेल पुसून टाका. रांग तशीच ठेवून नाव काढायचा अर्ज केलात, तर उरलेला स्पॅम बाहेर पडतो आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा नोंद होते.

वेबसाइटवरचा ‘चौकशी करा’ फॉर्म भरणाऱ्याला आपोआप पोच पाठवत असेल तर तोही तपासा. बॉट तिथे हजारो अनोळखी पत्ते टाकतात. त्यांतले काही यादीवाल्यांनी सापळा म्हणून ठेवलेले असतात आणि त्यांच्याकडे मेल तुमच्या सर्व्हरवरून जातो.

यानंतर सर्व्हरची ओळख तपासा. आयपीवरून नाव आणि त्या नावावरून तोच आयपी, असं दोन्ही बाजूंनी जुळायला हवं. आयपीवरून नाव सांगणारी पीटीआर नोंद तुम्ही स्वतः बदलू शकत नाही, ती आयएसपीला लेखी कळवून करून घ्यावी लागते. आपल्याकडे स्टॅटिक (कायम तोच राहणारा) आयपी घेतला की आयएसपी त्यात आकडे घालून काहीतरी सरधोपट नाव देऊन ठेवतो आणि पुढे वर्षानुवर्षं कुणी बघत नाही. सर्व्हर हेलोच्या वेळी, म्हणजे जोडणी होताच ओळख देताना, सांगतो ते नावही हेच हवं. ‘लोकलहोस्ट’ सांगणारा सर्व्हर बाहेरच्यांना बिघडलेल्या मशीनसारखाच दिसतो.

दोष शेजाऱ्याचा असेल तर

ओल्याबरोबर सुकंही जळतं, तसा हा प्रकार आहे. नवीन सर्व्हर भाड्याने घेतला आणि त्याचा आयपी आधीच्या भाडेकरूने घाण करून ठेवलेला निघाला, हे फार वेळा होतं. म्हणून पैसे भरताच, मेल सुरू करण्याआधी आयपी तपासा आणि खराब निघाला तर त्याच दिवशी बदलून मागा. एकदा ग्राहकांचे मेल तिथून जाऊ लागले की बदलणं अवघड होतं. आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे लांब आयपी) असेल तर याद्या बहुधा अख्खा /६४ पट्टा, म्हणजे लागून असलेल्या पत्त्यांचा एक गट, एकच धरतात. होस्टिंगवाल्याने एकच /६४ अनेकांमध्ये वाटला असेल तर तुमची शिस्त तिथे उपयोगाची नाही. स्वतंत्र /६४ मागा, नाहीतर मेल फक्त आयपीव्ही४ वरून पाठवा.

काही याद्या मुद्दाम मोठे पट्टे धरतात. यूसीईप्रोटेक्ट या यादीची पहिली पातळी एका आयपीची, दुसरी पट्ट्याची, आणि तिसरी अख्ख्या नेटवर्कची आहे. तिसऱ्या पातळीवर नाव आलं तर तुमच्या हातात काहीच नसतं, तो प्रश्न तुमच्या होस्टिंगवाल्याचा. तिथे पैसे भरून लवकर नाव काढायची सोय दिसते. माझं स्पष्ट मत आहे, भरू नका. याद्या कशा चालवाव्यात हे सांगणाऱ्या २०१२ च्या आरएफसी ६४७१ या इंटरनेटच्या कार्यपद्धतींवरच्या दस्तऐवजातही नाव काढायला पैसे घेण्यावर आक्षेप घेतला आहे. मूळ कारण शेजारच्या आयपीवर तसंच राहणार असेल, तर पैसे भरून काहीच साधत नाही.

पीबीएलचा उपाय सोपा आहे. तुमचा आयपी स्टॅटिक असेल, पीटीआर नीट असेल आणि तो खरंच मेल सर्व्हर असेल, तर स्पॅमहाउसच्या साइटवर स्वतःच तो वगळून घेता येतो. पण लाइन सीजीनॅटवर असेल, म्हणजे एकच आयपी अनेक घरांत वाटलेला असेल, तर तिथून थेट मेल पाठवायचा नाद सोडा आणि रिले, म्हणजे तुमचा मेल पुढे पोचवणारी दुसऱ्याची सेवा, घ्या.

चूक समोरच्याची असेल तर

हा भाग सर्वात कमी लोक तपासतात, आणि चोर सोडून संन्याशाला फाशी खऱ्या अर्थाने इथेच होते. तुम्ही यादीच्या साइटवर जाता, आयपी टाकता, तिथे ‘नोंद नाही’ दिसतं, तरी बाउन्समध्ये त्याच यादीचं नाव असतं. यामागे बहुधा पुढच्यांपैकी एक कारण निघतं.

मघाशी सांगितलेला १२७.२५५.२५५.२५४ आठवा. समोरच्याचा सर्व्हर ८.८.८.८ वरून स्पॅमहाउसला विचारतोय, प्रत्येक आयपीसाठी हेच चुकीची खूण असलेलं उत्तर येतंय, आणि त्याचं सॉफ्टवेअर कुठलंही उत्तर म्हणजे ‘यादीत आहे’ असं धरून जगातला सगळा मेल परत पाठवतंय. त्याने स्वतःचा रिझॉल्व्हर, उदाहरणार्थ अनबाउंड, चालवायला हवा आणि पोस्टफिक्सच्या रिजेक्ट_आरबीएल_क्लायंट ओळीत यादीच्या नावापुढे १२७.०.०.[२..११] एवढीच उत्तरं मान्य आहेत असं लिहायला हवं.

दुसरं कारण म्हणजे मेलेली यादी. ओआरडीबी ही यादी डिसेंबर २००६ मध्ये बंद झाली. तरी सर्व्हर तिला विचारतच राहिले, तेव्हा मार्च २००८ मध्ये तिने प्रत्येक आयपीला ‘हो’ म्हणायला सुरुवात केली. एएचबीएलने १ जानेवारी २०१५ ला तेच केलं. सॉर्ब्स जून २०२४ मध्ये बंद झाली. जुन्या सर्व्हरच्या सेटिंगमध्ये अशी नावं अजून सापडतात. यादी जिवंत आहे का हे बघायची पक्की परीक्षा आरएफसी ५७८२ मध्ये आहे: १२७.०.०.२ साठी यादीने नेहमी ‘हो’ म्हणायला हवं आणि १२७.०.०.१ साठी कधीच नाही. दुसऱ्यालाही ‘हो’ आलं, तर ती यादी लगेच काढून टाका.

तिसरं कारण थोडं आडवळणाचं आहे. ऐरोलीत घरून काम करणारी मुलगी ऑफिसच्या सर्व्हरवर लॉगिन करून मेल पाठवते. मेलच्या हेडरमध्ये तिच्या घरच्या ब्रॉडबँडचा आयपी राहतो आणि तो पीबीएलमध्ये असणं साहजिकच आहे. समोरचा फिल्टर मेल आणून देणाऱ्या सर्व्हरचाच आयपी तपासायच्याऐवजी हेडरमधले सगळे आयपी तपासतो आणि मेल अडवतो. चूक त्याची आहे, पण लॉगिन करून आलेल्या मेलमधला तो आयपी आपल्या सर्व्हरवरच काढून टाकला तर प्रश्न सुटतो. कधीकधी आपलाच सर्व्हर पोर्ट ५८७ वरही झेन तपासतो आणि आपल्याच माणसाला आत घेत नाही. लॉगिन झालेल्यांना यादीची तपासणी लावायची नसते. सेटिंगमध्ये त्यांची परवानगी यादीच्या ओळीच्या आधी यायला हवी.

समोरच्याची चूक आहे हे कळलं की त्याच्या पोस्टमास्टर पत्त्यावर लिहा, आणि तेही दुसऱ्या एखाद्या मेलबॉक्सवरून, नाहीतर हाही मेल अडेल. फोन नंबर असेल तर फोनच करा. तुमचा आयपी, भारतीय आणि यूटीसी अशा दोन्ही वेळा, नकाराची ओळ जशीच्या तशी, आणि यादीच्या साइटवर ‘नोंद नाही’ असं दाखवणारा पुरावा, एवढंच द्या. रागाचं एकही वाक्य नको. पलीकडेही तुमच्यासारखाच एकटा सर्व्हर सांभाळणारा माणूस असतो.

नाव काढायचा अर्ज

कारण सापडलं, दुरुस्त झालं, आणि निदान काही तास लॉग स्वच्छ राहिला, मगच अर्ज करा. मूळ दुरुस्त न करता पुन्हा पुन्हा नाव काढलं की पुढच्या वेळी स्वतः नाव काढायची सोयच बंद होऊ शकते. स्पॅमकॉपला अर्ज लागतच नाही, तक्रारी थांबल्या की २४ तासांत नोंद आपोआप जाते. बॅराकुडाचा फॉर्म आहे. सीएसएस आणि एक्सबीएल स्पॅमहाउसच्या साइटवरून स्वतः काढता येतात.

अर्जात ‘आम्ही प्रतिष्ठित कंपनी आहोत, आमचं नुकसान होतंय’ असं लिहून काही होत नाही. काय घडलं, कधी थांबवलं आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं, हे लिहा. आंबेवाल्यांसाठी मी लिहिलेला मजकूर तीन ओळींचा होता: गोदामातल्या एका संगणकावर व्हायरस होता, तो अमुक वेळी नेटवर्कवरून काढला, आणि आता मेल सर्व्हर सोडून कुणालाही पोर्ट २५ बाहेर उघडा नाही. संध्याकाळी लंडनच्या सर्व्हरने २५०, अर्थात ‘स्वीकारला’, म्हणून मेल घेतला.

नाव निघाल्यावरही जुनं उत्तर काही वेळ डीएनएसच्या कॅशमध्ये राहतं, म्हणून लगेच निराश होऊ नका. जीमेल आणि आउटलुक स्वतःच्या आकलनावरही चालतात. तिथे विश्वास पुन्हा बसायला दिवस जातात.

तोवर कामं कशी चालवायची

बाहेर जाणारा मेल तात्पुरता एखाद्या विश्वासू रिले सेवेतून पाठवा. त्याआधी तिचं नाव एसपीएफमध्ये घाला, आणि एसपीएफमधल्या डीएनएस शोधांची संख्या दहाच्या वर जात नाही ना ते बघा. दहाच्या वर गेलं की एसपीएफच नापास होतो. मात्र घाबरून रोज नवा आयपी बदलत बसू नका. नजर चुकवण्यासाठी सतत आयपी बदलणारे स्पॅमर असंच करतात आणि सीएसएस नेमकं तेच ओळखते.

आपण घेणारेही आहोत

जो सर्व्हर मेल पाठवतो, तोच दुसऱ्यांचे मेल घेतो. हे काम आटोपल्यावर आपल्या सेटिंगमध्ये कुठल्या याद्या आहेत ते उघडून बघा. बंद पडलेल्या काढा. एखाद्या आक्रमक यादीवरून थेट नकार देऊ नका, तिच्यामुळे स्पॅमचे थोडे गुण वाढू द्या आणि निर्णय एकूण गुणांवर घ्या. अडवायचंच असेल तर दारातच नकार द्या. मेल घेऊन नंतर बाउन्स पाठवला तर तो खोट्या पत्त्यांवर जातो आणि त्यापायी तुमचाच आयपी यादीत जातो.

लॉग किमान १८० दिवस ठेवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे ते तसंही बंधनकारक आहे, आणि रात्री २ वाजून ४२ मिनिटांनी काय झालं होतं हे सांगणारा दुसरा साक्षीदार नसतो. पोस्टमास्टर आणि अब्यूज हे दोन पत्ते चालू ठेवा, ते रोज कुणीतरी वाचेल असं बघा आणि त्यांच्यावर ब्लॉकलिस्टची तपासणी लावू नका. तुमच्या नकाराच्या संदेशात ऑफिसचा फोन नंबर टाका. तुमच्या सर्व्हरने चुकून अडवलेला कुणी निर्यातदार उद्या सकाळी सात वाजता त्या नंबरवर फोन करू शकेल.